सामायिक वायफाय : दुसरा राउटर कुणाकडे हवा?

मा. संपादक,

धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या पिंप्राळ्यात घरमालकाच्या एकाच फायबर कनेक्शनवर भाडेकरू आणि खोली करून राहणारे विद्यार्थी सर्रास नेट वापरतात. बिल वाटले जाते, पण पासवर्डसोबत इतरांच्या लॅपटॉपमधला व्हायरसही आपल्या संगणकापर्यंत पोहोचू शकतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील त्रुटीतून असाच एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. कुणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती.

उपाय म्हणून घरमालक दुसरा राउटर आणतो आणि तो भाडेकरूला देतो. इथेच गणित उलटे होते. दुसऱ्या राउटरमागच्या माणसाला पहिल्यावरची उपकरणे गाठता येतात. पहिल्यावरच्याला मात्र दुसऱ्याच्या आत सहसा शिरता येत नाही. म्हणून जपायचा संगणक दुसऱ्यामागे हवा. पहिल्याच्या लॅन पोर्टमधली (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेतली) केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरून नेट आत येते त्या खाचेत) लावावी. लॅनमध्ये लावली किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (दुसरा राउटर पहिल्याचेच नेटवर्क फक्त पुढे पसरवतो ती सेटिंग) ठेवला, तरी नेट झकास चालते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण आडोसा मुळी तयारच झालेला नसतो. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ करावा. दोन्ही सारखे राहिले तर नेट अडते.

खर्च नको असेल तर इतरांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचे पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क द्यावे. मात्र ते बहुधा वायफायपुरतेच असते. वरच्या मजल्यावर केबल टाकून दिली असेल तर उपयोग नाही. गेस्टवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडून पाहावा. लॉगिनचे पान दिसले तर वेगळेपणा पुरेसा नाही.

संगणकातही विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ ठेवावा, म्हणजे तो इतरांना दिसत नाही. शेअर केलेला प्रिंटर बंद पडेल, तो यूएसबीने जोडावा. रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडून संगणक चालवण्याची सोय) बंद असावा. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे असा संगणक सामायिक जोडणीवर ठेवणे मला तरी धोक्याचे वाटते.

राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून निराळा हवा. तो हाती लागला तर कुणीही डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून सगळ्यांना बनावट संकेतस्थळांकडे वळवू शकतो. खोली रिकामी झाली की वायफायचा पासवर्डही बदलावा.

जोडणी देणाऱ्या केबल चालकांना विनंती : राउटर बसवतानाच डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा, अ‍ॅडमिन पासवर्ड ग्राहकाच्या हाताने बदलून घ्या आणि गेस्ट नेटवर्क सुरू करून दाखवा.

– एक संगणक तंत्रज्ञ, भुसावळ