एचएमव्हीचा इतिहास म्हणजे घसरण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एचएमव्ही ते सारेगम’ या प्रवासावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. शास्त्रीय संगीतापासून निघालेली कंपनी पैशाच्या मागे लागून नाट्यपदे, भावगीते करत शेवटी सिनेमात शिरली, असा त्याचा सूर आहे. तो मला मान्य नाही.

मुळात ग्रामोफोन कंपनीचे (एचएमव्ही हे तिच्याच तबकड्यांवरचे नाव) लोक १९०२ मध्ये कलकत्त्यात आले ते व्यापारासाठीच. यंत्रे खपायची तर त्यांवर वाजवायला इथली गाणी हवीत, म्हणून कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग याने गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे संथ लयीतला रागाचा विस्तार, होणार कशी? ठुमरी, दादरा, छोटा ख्याल आणि आपले नाट्यपद मात्र नेमके बसायचे. नाट्यपदे कंपनीच्या यादीत आली त्यात तडजोड कसली? आणि तीन मिनिटांना कमी लेखू नये. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून ती अवकाशात गेली.

भावगीताचेही तसेच. जी. एन. जोशी यांनी तीसच्या दशकात हा प्रकार घरोघरी नेला. पुढे हेच जोशी एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. बोलपट आल्यावर सिनेमाच्या गाण्यांनी बाजार व्यापला हे खरे, पण त्याच काळात पन्नासच्या दशकाअखेरीस एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली आणि ख्याल प्रथमच ऐसपैस मुद्रित होऊ लागला. एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला राग दरबारी, ही उस्ताद अमीर खाँ यांची एलपी त्याच कंपनीची, ऐन सिनेमाच्या भरात निघालेली. लेखात तिचा उल्लेखही नसावा याचे वाईट वाटले.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, टी-सीरिजने बाजार खेचला. पुढे २००० साली कंपनीने सारेगम हे नाव घेतले, २०१७ मध्ये कारवाँ हा जुनी गाणी भरलेला, रेडिओसारखा वाजणारा डबा काढला. हा भाग लेखात व्यवस्थित आला आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गौहर जान गाणे संपताना स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला; गाणे कुणाचे हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही सोय होती. आज ॲपवर वेळेचे बंधन नाही, जागेचेही नाही. तरीही जुने नाट्यपद लावले तर बहुतेक वेळा मुद्रणाचे साल मिळत नाही, तबल्याला आणि हार्मोनियमला कोण होते तेही कळत नाही. साल दिसलेच तर ते नव्या संकलनाचे! बालगंधर्वांचे एखादे पद उमेदीच्या काळातले की उतारवयातले, हे नव्या श्रोत्याने ओळखायचे कसे? संगतकारांच्या वाट्याला तर विस्मरणच येते.

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या) काळातली बहुतेक मुद्रणे आता सर्वांची आहेत. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी १९९० पासून, पदरमोड करून, तबकड्यांच्या नोंदी जमवल्या आहेत. कंपनीकडे मुद्रणाच्या ज्या मूळ नोंदी असतील त्या तिने अभ्यासकांना खुल्या कराव्यात आणि निदान मराठी तबकड्यांची साल, मॅट्रिक्स क्रमांक (प्रत्येक मुद्रणाला दिलेला ओळख-क्रमांक) व साथीदारांसह यादी प्रसिद्ध करावी. आपल्या दैनिकाने ही मागणी कंपनीकडे लावून धरावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे