जगबुडीची तारीख नको, भोंगा हवा

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

३० जुलै २०२५ची सकाळ आपल्याला आठवत असेल. पहाटे रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सात वाजेपर्यंत आमच्या गिरगावातल्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जग बुडायला लागलं. आदल्याच दिवशी नागपंचमी होऊन गेली होती, त्यामुळे शेषनागाने फणा हलवल्याचं एकाने लगेच जाहीर केलं. दुसऱ्याने ५ जुलैची आठवण काढली. जपानमधल्या एका चित्रकथेतल्या स्वप्नावरून त्या दिवशी महाप्रलय होणार, असं महिनाभर फिरत होतं. तारीख पंचवीस दिवसांनी चुकली, पण लाट आलीच की, असा त्याचा युक्तिवाद. तेवढ्यात चौपाटीचा एक फोटो आला. पाणी पार आत गेलेलं, चिखल उघडा पडलेला. खाली ओळ होती, 'समुद्र मागे हटलाय, सुनामीच्या आधी असंच होतं.'

तळमजल्यावरच्या काकूंनी कागदपत्रांची पिशवी भरली आणि जिन्यात येऊन बसल्या. मी समितीचा सचिव, म्हणून सगळे मलाच विचारायला लागले. मी वरळी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या मावशींना फोन लावला. त्या हसल्याच. म्हणाल्या, "अरे, अवस होऊन सहा दिवस झाले, आता भांग लागायला आलाय, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमीच. एवढं पाणी जातं ते उधाणात. हा फोटो आजचा नाहीच."

मंत्रीमहोदय, त्या दिवशी आमच्या चाळीचं आपत्ती व्यवस्थापन या एका वाक्यावर झालं. हैदराबादच्या इन्कॉइस या सुनामीचा इशारा देणाऱ्या केंद्राने भारताला धोका नसल्याचं त्याच दिवशी कळवलं होतं. ते आमच्यापर्यंत मराठीत, फोनवर, वेळेत आलं नाही. शेषनाग मात्र आला.

अफवांवर हसणं सोपं आहे आणि मीही हसतो. मी मूळचा खेडचा. आमच्या नदीचं नावच जगबुडी. पावसाळ्यात ती बाजारपेठेत शिरते, लोक माल माळ्यावर चढवतात, पाणी ओसरलं की गाळ उपसून दुकानं पुन्हा उघडतात. आजी १९६२च्या अष्टग्रहीचे किस्से सांगायची. मकर राशीत आठ ग्रह जमले म्हणून देशभर यज्ञ झाले, आणि आजोबांनी उधारी मागणंच सोडून दिलं! १९७९ साली स्कायलॅब पडणार म्हणून आमच्या वर्गात कोणी गृहपाठ केला नव्हता. ते पडलं ऑस्ट्रेलियात, आणि छड्या आम्हाला बसल्या. २०१२चा माया कॅलेंडरवाला प्रलय तर वाहिन्यांनीच वाजवून वाजवून संपवला.

पण या शहरात अफवेने माणसं मारली आहेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत काय झालं, ते फारसं कोणी सांगत नाही. धरण फुटलं, सुनामी आली, अशी आवई रात्री उठली. लोक अंधारात चिंचोळ्या गल्ल्यांतून पळाले आणि चेंगराचेंगरीत किमान पंधरा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. धरण शाबूत होतं, समुद्र जागच्या जागी होता. सातच महिन्यांपूर्वी, २६ डिसेंबर २००४ला, लोकांनी टीव्हीवर सुनामीत उद्ध्वस्त झालेलं तमिळनाडूतलं नागपट्टिणम पाहिलं होतं. आधीच घरात पाणी शिरून गेलेलं, आणि 'काही झालेलं नाही, घरातच थांबा' असं सांगणारा विश्वासाचा आवाज कुठूनच आला नाही. अशा माणसांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी बाजूही आहे. 'मुंबईला सुनामीचा धोका नाही' असं अधिकारी चर्चांमध्ये बिनदिक्कत ठोकून देतात, तेही खरं नाही. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे, आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची लाट सकाळी मुंबईला पोहोचली. उंची सुमारे दोन मीटर, आणि माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. भूकंप आणि लाट यांच्यात काही तास होते. तेव्हा कळवण्याचं साधन नव्हतं. आज २००७पासून हैदराबादला सुनामी इशारा केंद्र आहे, त्याला काही मिनिटांत कळतं. प्रश्न शेवटच्या मैलाचा आहे. हैदराबादहून मंत्रालय, मंत्रालयातून वॉर्ड, आणि वॉर्डातून वरळी, माहीम, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात निरोप किती वेळात पोहोचतो, हे कोणी घड्याळ लावून पाहिलंय का? ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२०मध्ये युनेस्कोने 'सुनामी-सज्ज' म्हणून मान्यता दिली. त्यांच्याकडे पळायच्या वाटा ठरलेल्या आहेत, सराव होतात. आमच्या कोळीवाड्यांना विचारलं तर वाटांचं काम ते स्वतःच करून देतील, आपण फक्त भोंगा लावा. गिरणगावाला भोंग्यावर उठायची सवय होती, शहराला तो आवाज नवा नाही.

त्याच ३० जुलैला जपानने सुमारे वीस लाख लोकांना उंच जागी जायला सांगितलं. लाटा बहुतेक ठिकाणी लहान निघाल्या. तिथे लोकांना आधीपासून ठाऊक असतं की कुठे जायचं आणि कोणाचं ऐकायचं. आपल्याकडे २०२३मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले, चाचणी संदेश आला. चांगली यंत्रणा आहे. मग खऱ्या प्रसंगी, किंवा खऱ्या अफवेच्या प्रसंगी, ती गप्प का असते? 'धोका नाही' हादेखील इशाऱ्याइतकाच महत्त्वाचा संदेश असतो.

आता भूकंपाचं, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचं. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयना हादरलं तेव्हा आई सात महिन्यांची गरोदर होती. फडताळातली भांडी आपोआप वाजू लागली, एवढंच ती सांगायची, आणि सांगताना अजून पदर घट्ट धरायची. १९९३ची किल्लारी आपल्यालाही आठवत असेल. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३.५६ला गावं भुईसपाट झाली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित मानला जात होता. माणसं मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर पडून. २००१मध्ये कच्छचा भूकंप झाला, तर दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारती खाली मोकळं पार्किंग आणि वर घरं अशा खांबांवरच्या होत्या.

मुंबई मानकांनुसार झोन तीनमध्ये येते, म्हणजे मध्यम धोका. पण सात बेटं भराव घालून जोडलेली, आणि भरावाच्या मऊ जमिनीवर हादरा वाढतो. शेजारच्या पालघरमध्ये डहाणू-तलासरीच्या लोकांनी नोव्हेंबर २०१८पासून किती रात्री अंगणात, तंबूत काढल्या, ते आपल्या खात्याला माहीतच आहे.

आमची चाळ चार मजली आणि दीडशे टेकूंवर उभी आहे. दर मे महिन्यात 'इमारत धोकादायक' अशी नोटीस येते आणि जूनमध्ये पावसाबरोबर वाहून जाते. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे, पण आमचा अहवाल एका कार्यालयात गेला तो गेलाच. पावसाने ती पडेल का, एवढंच तिथे विचारतात. हादरा बसला तर काय, हा रकानाच फॉर्मवर नाही. तो तेवढा घाला, आणि भरणारा अभियंता असा नेमा ज्याच्या सहीला किंमत असेल.

५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागरूकता दिन. त्या दिवशी सभागृहात दीपप्रज्वलन करण्याऐवजी वरळी कोळीवाड्यात सराव ठेवा. मावशींना दोन शब्द बोलायला सांगा, भांग आणि उधाण त्या फलकाशिवाय समजावतील. तिथून आमच्याकडे चहाला या. मुहूर्त भरतीचा असो की ओहोटीचा, काकू जिन्यातच बसलेल्या असतील. येताना दुसऱ्या मजल्यावर जरा जपून पाय टाका, तिथली तिसरी पायरी गेल्या पावसाळ्यापासून नाही.

आपला,
गिरगावातल्या एका जुन्या चाळीचा सचिव