चेरी काउंटीला निघण्यापूर्वी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

गवताच्या नोंदींसाठी तू उन्हाळाभर नेब्रास्कातल्या चेरी काउंटीत राहणार, आणि फोनवर म्हणालीस, "बाबा, तिथे काहीच नाहीये." आकडे पाहून तसं वाटतं खरं. काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपला पुणे जिल्हा. पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाख लोक होते. चेरीत २०२० साली ५,४५५, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या व्हॅलेंटाइन गावात. पण ही संख्या का एवढी, हे तिथली वाळू आणि गाय सांगते. ते आधी समजून घे.

पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, आपल्या माणदेशासारखा. माणात खाली काळा पाषाण, म्हणून पाणी ओढ्यानं निघून जातं. चेरीत खाली वाळू. सँडहिल्स म्हणतात ते हेच: वाऱ्यानं रचलेल्या टेकड्या, काही १०० मीटरहून उंच, आणि त्यांना धरून ठेवणारं फक्त गवताचं मूळ. पडलेला थेंब तिथेच मुरतो आणि खालच्या ओगलाला जलधरात, म्हणजे पाणी साठवणाऱ्या भूस्तरात, जातो. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी भूजल वर येतं, तिथे तळी आणि ओली कुरणं. नद्याही झऱ्यांवर चालतात, म्हणून त्यांचा प्रवाह वर्षभर फारसा बदलत नाही. पाणी भरपूर आणि तरी पीक नाही, याचं कारण तीच वाळू. नांगर लागला की ती उडते.

आता गायीचा हिशेब. ढोबळ मानानं एका गायीला वासरासह वर्षभरासाठी १५ ते २० एकर लागतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुटुंबाला १६० एकर मिळत. म्हणजे आठ-दहा गायी, त्यात घर चालत नाही. १९०४ मध्ये खासदार मोझेस किंकेड यांच्या कायद्यानं पश्चिम नेब्रास्कात ही मर्यादा ६४० एकर केली. अट अशी की पाच वर्षं राहायचं आणि एकरी सव्वा डॉलरची सुधारणा दाखवायची. लोक लोटले. चेरीची १९०० मध्ये ६,५४१ असलेली वस्ती १९२० मध्ये ११,७५३ झाली. पण ६४० एकरांतही गायी ३५-४०च. मग अनेकांनी पीक घेऊन पाहिलं, वाळू उघडी पडली, आणि जमिनी शेजारच्या मोठ्या रँचला विकल्या गेल्या. वस्ती नंतर उतरतच गेली. नॉर्थ लूप नदीकाठी, ब्राउनलीजवळ, कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९०७ च्या सुमारास वसवलेलं डीविटी गावही असंच संपलं. चूक त्यांच्या मेहनतीत नव्हती. वॉशिंग्टनमध्ये बसून ठरवलेल्या एकरांत होती. मला हा कायदा उदार म्हणवत नाही.

आणि ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. ती लाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांची. त्यांच्यासाठी राखून ठेवलेला रोजबड हा प्रदेश काउंटीच्या उत्तर सीमेला लागूनच आहे. त्यांच्यावर नजर ठेवायला १८८० मध्ये फोर्ट नियोब्रारा उभा राहिला. १८८३ मध्ये काउंटी झाली, तिला नाव मिळालं त्याच किल्ल्यावरच्या, १८८१ मध्ये मारल्या गेलेल्या लेफ्टनंट सॅम्युएल चेरी यांचं. किल्ला १९०६ मध्ये बंद पडला आणि १९१२ मध्ये तिथे सहा अमेरिकी बायसनपासून अभयारण्य सुरू झालं. तेवढं नक्की बघ.

तुझ्या नोंदवहीत जागा लिहिताना तिथली पद्धत लागेल. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैल, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला सहापर्यंत जातात, मग खालच्या ओळीत सात ते बारा उलटे पूर्वेला. औताचा बैल तासाच्या टोकाला वळतो तसे. "टाउनशिप ३१ उत्तर" म्हणजे कॅन्सस सीमेपासून उत्तरेला एकतिसावी ओळ. सेक्शन १६ आणि ३६ शाळांसाठी राखलेले; त्यातले बरेच आजही राज्याच्या मालकीचे असून भाड्यानं दिलेले असतात, तेव्हा परवानगी कुणाची लागेल ते आधी विचार. मोजणीची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे तिच्या बरोबर निम्म्या लांबीचा चौरस. एकराचा हिशेब दोन्हीकडे एकच.

गाडी चालवताना जुन्याच चाकोरीतून जा, नवी पाडू नकोस. गवत एकदा तुटलं की वारा तिथून वाळू उपसतो आणि खड्डा पसरत जातो. त्याला ब्लोआउट म्हणतात. गुरांच्या पायवाटा, पवनचक्कीखालच्या पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, कुंपणाचे कोपरे, तो इथूनच सुरू होतो. भरायचा तर कुंपण घालून गुरं बाहेर ठेवतात आणि वर वाळलेलं गवत पसरतात. मात्र जांभळट फुलांचं ब्लोआउट पेनस्टेमन हे दुर्मिळ झाड अशा उघड्या वाळूतच उगवतं. दिसलं तर नोंद कर, पाय देऊ नकोस.

फाटक उघडं असेल तर उघडं ठेव, बंद असेल तर बंद कर. एक फाटक चुकलं तर वळू नको त्या कळपात जातो आणि वासरं भलत्या महिन्यात, बर्फात जन्मतात. पेट्रोल व्हॅलेंटाइनलाच भरून घे; ८३ नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेला थेडफोर्ड शंभर किलोमीटरहून लांब आहे. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, वेग कमी ठेव.

काउंटीतून वेळेची रेषा जाते, फोनवरचं घड्याळ आपोआप बदलेल. भेटीच्या वेळा ठरवताना कुठल्या घड्याळानं ते विचारून घे. व्हॅलेंटाइनहून फोन केलास तर आपल्यात साडेदहा तासांचं अंतर, काउंटीच्या पश्चिमेकडच्या मेरिमनहून केलास तर साडेअकरा. तुझ्या सकाळी सातला कर, आम्ही जागे असतो.

तुझे,
बाबा