गजूस, एका शब्दावरून

क्रॉयडन, लंडन
रविवार, रात्री

प्रिय गजू,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम चार पाने आलेली पाहून तू "काय झालं बे?" असेच विचारशील. प्रकृती ठीक, साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच. झाले ते असे की काल मला तळमजल्यावरच्या आजींनी चार वाक्यांत गप्प केले, आणि त्या बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा तुझा चेहरा येत होता.

आमचे धाकटे चिरंजीव आता पंधरा वर्षांचे झाले. मित्रांच्या टोळक्याला ते 'मॅनडेम' म्हणतात, निकम्म्या माणसाला 'वेस्टमन', पुष्कळ या अर्थी 'बेअर', आणि कोणी भेटले की 'वागवान'. हा शेवटचा शब्द प्रथम ऐकला तेव्हा पोरगा 'भगवान' म्हणतो आहे असे वाटून त्याची आई क्षणभर सुखावली होती. शब्द जमैकाचा आहे आणि त्याचा अर्थ 'काय चाललंय' एवढाच. त्याहून गमतीचे म्हणजे ही मुले 'मी' या अर्थीही 'मॅन' म्हणतात, अगदी आपल्या मुंबईच्या 'आपुन'सारखे. त्याच्या टोळक्यात एक घानाचा, एक पोलिश, एक तमिळ, दोन गोरे आणि हा सदाशिव पेठेचा वंशज, असे सगळे एकाच बोलीत भांडतात.

लोकांना मात्र हे सोसत नाही. जेनी चेशर आणि पॉल करस्विल या भाषाभ्यासकांनी २००४ पासून हॅकनी आणि हॅव्हरिंगमधल्या मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून दाखवले की ही नक्कल नव्हे, मिश्र वस्तीत वाढलेल्या मुलांची लंडनची स्वतःची बोली आहे, आणि एखादे मूल ती किती बोलते हे त्याच्या स्वतःच्या वंशाइतकेच त्याचे मित्र कोणकोणत्या वंशांचे आहेत यावरही ठरते. वर्तमानपत्रांनी तरीही तिला 'जफेकन', म्हणजे नकली जमैकन, असे नाव ठेवले. २०११ च्या ऑगस्टमध्ये इथे दंगली झाल्या, आमच्या क्रॉयडनमधले १८६७ सालचे फर्निचरचे दुकान जळून खाक झाले, आणि त्याच आठवड्यात डेव्हिड स्टार्की नावाच्या इतिहासकाराने बीबीसीवर सांगितले की गोरे काळे झाले आहेत, आणि त्या संदर्भात त्याने या जमैकन बोलीकडे बोट दाखवले. तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्या माणसाला भरपूर शिव्या घातल्या होत्या. हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचे वाचताना तुला माझी कीव येणार नाही, किंवा योग्य तेवढीच येईल.

गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीला जमलेल्यांपैकी एक बाई मला हळूच म्हणाल्या, "मुलाकडे लक्ष द्या, काळ्यांसारखा बोलायला लागलाय." त्यांची स्वतःची मुलगी बकिंगहॅम राजवाड्यात जन्मल्यासारखी बोलते, त्याची काळजी कोणाला वाटत नाही. हे मी त्यांना ऐकवायला हवे होते. मी प्रसाद घेतला आणि घरी आलो.

काल आम्ही दोघे बाजारातून येत होतो. फाटकाशी त्या तळमजल्यावरच्या, मूळच्या जमैकाच्या आजी भेटल्या आणि चिरंजीवांनी मोठ्या उत्साहाने "वागवान, आंटी" अशी हाळी दिली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि मी इंग्रजीत त्याच्यावर ओरडलो, "नीट बोल! त्या लोकांसारखे काय बोलतोस?" होय गजू, 'त्या लोकांसारखे', आणि तेही त्यांच्याच तोंडावर.

आजींनी पिशवी खाली ठेवली. प्रथम त्यांनी मुलाला उच्चार दुरुस्त करून दिला, 'वाऽ ग्वाऽन', असा ओढून. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या की १९६४ साली किंग्स्टनहून आठ वर्षांची असताना त्या इथल्या शाळेत आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना हेच दोन शब्द सांगितले होते, 'नीट बोल'. त्यांच्या भावाला तर 'नीट बोलता येत नाही' म्हणून मंदबुद्धी मुलांच्या शाळेत घातले. घरी तोच सगळ्यांना रात्री गोष्टी सांगत असे. (ही काही एका घरची कथा नव्हे. बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने १९७१ साली याच अन्यायावर पुस्तिका लिहिली होती.) तुमच्या मुलाचा मला राग नाही, त्या म्हणाल्या, पण माझा नातू बसमध्ये हाच शब्द उच्चारतो तेव्हा समोरची बाई पर्स मांडीवर ओढून घेते, आणि तुमचा मुलगा उच्चारतो तेव्हा तीच बाई हसते.

आता अमरावती आठव. बदलीच्या बँकेतल्या बापाचा मुलगा म्हणून मी आठवीत तुमच्या वर्गात आलो, महिन्याभरात 'बे' आणि 'पोट्टे' शिकलो, आणि घरी आईची थप्पड खाल्ली. तू 'कायले' म्हणालास की मराठीच्या सरांची छडी पडायची. आणि स्नेहसंमेलनात मी वऱ्हाडी एकपात्री केली, सभागृह हसून लोळले, आणि मला पहिले बक्षीस मिळाले. त्याच सरांच्या हातून! तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस, आणि बोललास तेव्हा पहिले वाक्य होते, "माही बोली तुह्यासाठी मजाक हाय का बे? नक्कल बी धड केली नाहीस." मी तेव्हा तुला चिडका म्हटले आणि पुढची तीस वर्षे तेच मानत आलो. काल आजींनी उच्चार दुरुस्त केला त्या क्षणी मला तुझे दुसरे वाक्य प्रथमच समजले.

गंमत बघ, इथल्या ऑफिसात कोणी भ्रमिष्टासारखे वागले की त्याला 'डूलॅली' म्हणतात. ही आपली नाशिकची देवळाली! जहाजाची वाट पाहत तिथल्या लष्करी छावणीत रखडलेले गोरे शिपाई वेडेपिसे व्हायचे, त्यावरून शब्द पडला. मी हे अभिमानाने सांगितले तेव्हा सगळे खूश झाले. या उसनवारीबद्दल कोणी कोणाच्या मुलाला रागावत नाही.

मुलाने काल रात्री विचारले, "मग मी तो शब्द वापरू की नको?" मला उत्तर देता आले नाही. नको म्हणावे तर मी ती शाळेतली बाई होतो, खुशाल वापर म्हणावे तर पर्सवाल्या बाईचे हसू त्याला फुकट मिळत राहते. शेवटी तोच म्हणाला की तो आजींनाच विचारेल. माझ्याशी मात्र तो कालपासून शुद्ध इंग्रजीत बोलतो आहे, आणि ते ऐकवत नाही.

मुलीचे लग्न ठरल्याचे आईकडून कळले. मनापासून अभिनंदन, तारीख कळव. आंबिया बहर कसा आहे? वहिनींना नमस्कार.

उद्या संध्याकाळी मी खाली जाऊन माफी मागणार आहे. जाण्यापूर्वी तुला एकच विचारतो, आणि हे पत्र स्कॅन करून आजच पाठवतो आहे ते त्यासाठीच: त्या दोन महिन्यांत मी तुझ्या दारात आलो असतो, तर माझ्या तोंडून काय ऐकल्यावर तू मला आत घेतले असतेस?

तुझा,
श्री