दादाच्या रक्ताची गोष्ट

लालबाग, मुंबई
१८ जानेवारी

प्रिय सुमे,

दादाचं खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. फोनवर तुला एवढंच सांगितलं. बाकीचं फोनवर बोलवलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

ऑपरेशनसाठी रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवायच्या होत्या. दादाचा गट ओ पॉझिटिव्ह, त्यामुळे आम्ही निर्धास्त. पण रक्तपेढीत क्रॉसमॅच करायला, म्हणजे पिशवीतलं रक्त दादाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहायला घेतलं, तर एकही पिशवी जुळेना. ओची जी लावावी तिच्यात गुठळ्या. शेवटी तिथल्या बाईंनी आणखी एक तपासणी केली आणि आम्हाला आत बोलावून सांगितलं, की हा ओ नाही, हा बॉम्बे ब्लड ग्रुप आहे. इथल्याच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली तो जगापुढे मांडला, म्हणून आपल्या शहराचं नाव. मुंबईत साधारण १०,००० माणसांत एकाचा असतो म्हणे.

सुमे, मला तिथेच रडू आलं. का, ते तुला वेगळं सांगायला नको. आत्याचं नळावरचं बोलणं तूही ऐकलंयस. बाबांचं कार्ड एबी, गणपतीतल्या रक्तदान शिबिरातलं. दादा ओ. आत्याचा मुलगा तेव्हा बी.एस्सी.ला होता, त्यानं पुस्तक उघडून दाखवलं की एबी बापाला ओचं मूल होत नाही. तेव्हापासून दादा दिसला की आत्या म्हणायची, "हा कोणाच्या वळणावर गेलाय, कोण जाणे." आई हंडा उचलून घरात निघून जायची. बाबांनी आईला कधी एका शब्दानं विचारलं नाही, पण आत्यालाही गप्प केलं नाही. ते मला आजही सलतं.

आणि परवा कळलं ते याहून जड. चिऊनं कॉलेजच्या शिबिरात रक्त दिलं होतं, तिचा गट निघाला एबी. वहिनी बी, दादा ओ. म्हणजे पुस्तकाप्रमाणे तेही अशक्य. आईनं ते कार्ड देवघरात पोथीखाली सरकवून ठेवलं होतं. आपण सोसलं ते सुनेच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

त्या बाईंनी मला नीट समजावलं. रक्ताच्या पेशीवर एच नावाची खुंटी असते. ए आणि बी हे त्या खुंटीवर अडकवायचे सदरे. ओ म्हणजे खुंट्या आहेत, पण रिकाम्या. दादाच्या पेशींवर खुंटीच नाही. बाबांकडून आलेला ए त्याच्यात धडधाकट आहे, फक्त अडकवायला जागा नाही, म्हणून साध्या तपासणीत तो ओ दिसतो. तोच ए त्यानं चिऊला दिला. वहिनीकडून तिला चांगली खुंटी मिळाली आणि सदरा दिसू लागला. दादाच्या रक्ताला मात्र दुसऱ्याची खुंटी परकी, आणि ओमध्ये तर खुंट्याच खुंट्या. म्हणून ओही चालत नाही. शेवटी आधी काही आठवडे त्याचंच रक्त काढून साठवलं आणि ऑपरेशनच्या वेळी तेच दिलं.

हे आईला कसं सांगायचं? ती मटार सोलत बसली होती. म्हटलं, आई, हे सगळं पहिल्यांदा वाटाण्यातच सापडलं. ब्रनोच्या मठात मेंडेल नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाणे लावले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला तर सगळे दाणे गोल. सुरकुती गेलीच म्हणायची. पण तेच गोल दाणे पेरले, तर पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, साधारण चारांत एक. म्हणजे सुरकुती गेली नव्हती, आत दडून होती. दाण्यात स्टार्च बांधायला मदत करणारी एक चीज बिघडली की साखर आणि पाणी जास्त राहतं, आणि वाळताना दाणा आकसतो. पण प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक धड असली तरी काम भागतं, म्हणून बिघडलेली दिसत नाही. खुंटीचंही तसंच. तुझ्यात एक बिघडलेली, बाबांत एक. दादाला दोन्ही बिघडलेल्या आल्या.

आई म्हणाली, "पण चारांत एक, तर पहिल्यालाच कसं?" मी म्हटलं, चारांत एक म्हणजे चौथं मूल नव्हे. दर खेपेला नव्यानं चिठ्ठी उचलायची. माझी खुंटी शाबूत निघाली, तरी बिघडलेली प्रत माझ्यात दडलेली असण्याची शक्यता तीनांत दोन.

मग ती बराच वेळ सोललेल्या दाण्यांत बोटं फिरवत राहिली. आई बाबांची मामेबहीण, हे तुला ठाऊक आहेच. ती प्रत बहुधा त्यांच्या एकाच आजीकडून किंवा आजोबांकडून दोघांत उतरली असणार. ती आत्यातही असू शकते.

उठली, पोथीखालचं कार्ड काढलं, पदरानं पुसलं आणि वहिनीच्या हातात दिलं. म्हणाली, "हे हयात असताना कळायला हवं होतं." बस, एवढंच.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. ती ८३ वर्षांची झाली, कमी ऐकू येतं. आई म्हणते, जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नाही. मे महिन्यात येशील तेव्हा आपण दोघी मिळून तिच्याकडे जाऊ. नळावर तूही होतीस.

तुझी,
मंजू