तीन मिनिटांच्या पलीकडचा चार्ली पार्कर

सांगली,
९ ऑगस्ट

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गुरुवारी पोहोचले. अमेरिकेतल्या जाझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची मी दिलेली ध्वनिमुद्रणे तू महिनाभर मन लावून ऐकलीस आणि मन न भरल्याचे स्पष्ट कळवलेस, याबद्दल आधी तुझे आभार मानतो. ‘बोटे विलक्षण तयार आहेत, पण मैफलीला बसलेला गवई दोन ताना घेऊन उठून जावा तसे वाटते,’ हे तुझे वाक्य मी चार वेळा वाचले. तुझी तक्रार रास्त आहे आणि चूक माझी आहे. मी तुला त्याची स्टुडिओतली ध्वनिमुद्रणे दिली आणि त्याच्या मैफली माझ्याकडेच ठेवून घेतल्या, कारण त्यांतली खरखर ऐकून तू कंटाळशील अशी मला भीती वाटली. चाळीस वर्षांच्या मैत्रीनंतर मला हे कळायला हवे होते की खरखरीला घाबरणारा माणूस तू नव्हेस.

तू जे ऐकलेस ते बहुतेक सारे १९४५ ते १९४८ या काळातले, दहा इंची तबकडीसाठी केलेले काम आहे. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यातच सुरुवातीची धून, शेवटची धून, ट्रम्पेटचा वाटा आणि पियानोचा वाटा बसवायचा, म्हणजे पार्करला स्वतःचे बोलायला कित्येकदा मिनिटभरच उरे. २६ नोव्हेंबर १९४५ ला न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली ‘को को’ घे. ६४ बारांची (एक बार म्हणजे चार मात्रा) दोन आवर्तने तो वाऱ्याच्या वेगाने वाजवतो, मॅक्स रोचच्या ड्रमचा एक तुकडा होतो आणि सारे संपते. आपल्याकडच्या गवयांनीही याच बेड्या घालून ख्याल गायिले. माझे काका केसरबाईंना समोर बसून ऐकलेले होते. घरात त्यांची तबकडी लागली की ते म्हणत, ‘हा नमुना झाला, माल दुकानात आहे.’ पार्करचाही माल दुकानात आहे, आणि ते दुकान म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणारे क्लब, नाचाची सभागृहे आणि शनिवारचा रेडिओ.

ऐकण्याआधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुझे कान लगेच जागेवर येतील. या संगीतात कलाकाराच्या हाती असते ती एका गाण्याची चौकट, बहुधा ३२ बारांची, ब्लूज असेल तर १२ बारांची. त्या चौकटीतले स्वरसमूह ठरलेल्या जागी बदलतात, ती संपली की पुन्हा पहिल्या बारापासून सुरू होते, आणि कलाकार प्रत्येक फेरीत नवी धून रचतो. तू याला आवर्तन समज. आवर्तन लांब असते आणि समेला कोणी मान हलवून दाखवत नाही, एवढाच फरक. पार्कर आवर्तनाची शिवण ओलांडून वाक्य नेतो, वाक्याचा जोर भलत्याच मात्रेवर ठेवतो, आणि आपण मोजणे चुकलो की काय असे वाटत असतानाच नेमका येऊन उतरतो. हे त्याने एकदा केले तर चमत्कार वाटतो. पाचव्या आवर्तनातही केलेले ऐकले की त्यामागचा विचार दिसू लागतो, आणि पाचवे आवर्तन तबकडीवर नसते.

पहिल्यांदा २२ जून १९४५ चा न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमधला कार्यक्रम ऐक. पार्करचा जोडीदार, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या नावाने तो झाला होता. त्याच्या तबकड्या सापडून २००५ मध्ये, म्हणजे ६० वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पार्कर आलेलाच नव्हता. त्याच्या जागी डॉन बायस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि ‘बीबॉप’ ही पहिली चीज सुरू झाली. ती चालू असतानाच पार्कर रंगमंचावर येतो. आपल्याला तो दिसत नाही, पण श्रोत्यांत अचानक उसळलेल्या टाळ्या ऐकू येतात, आणि पुढच्या क्षणी त्या जाड, घोगऱ्या टेनरनंतर पार्करच्या आल्टो सॅक्सोफोनचा तो लखलखीत, थोडा कडक आवाज येतो. मी हा तुकडा कितीही वेळा ऐकला तरी खुर्चीत सरळ होऊन बसतो. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे हे नवे जाझ, म्हणजे बीबॉप, घडत असतानाची बरीच वर्षे स्टुडिओत उमटलीच नाहीत. लोकांनी ते तयार झालेलेच ऐकले. त्या टाळ्यांमध्ये हे नवे संगीत प्रत्यक्ष ऐकायला आलेली माणसे आहेत, म्हणून मला त्यांचे एवढे मोल वाटते.

त्यानंतर ‘ए नाइट इन ट्युनिशिया’ तीन ठिकाणी ऐक. धून संपल्यावर आणि पार्करचे आवर्तन सुरू होण्याआधी या चीजेत सगळी साथ थांबते आणि चार बार तो एकटा वाजवतो. मार्च १९४६ च्या स्टुडिओतल्या पहिल्या प्रयत्नात हे चार बार असे काही वाजले, की बाकीचे मुद्रण बिघडलेले असूनही कंपनीने तेवढा तुकडा जपून ठेवला आणि पुढे प्रसिद्ध केला. तेच चार बार २९ सप्टेंबर १९४७ ला कार्नेगी हॉलमध्ये गिलेस्पीबरोबर ऐक, आणि मग १५ मे १९५३ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये. चार बार म्हणजे १६ मात्रा. तेवढ्या जागेत ठेका बंद असताना तो स्वरांचा असा लोंढा सोडतो की ऐकणाऱ्याच्या हातातून लय निसटते, आणि सोळावी मात्रा संपताच सगळे वादक एकत्र त्याच्या पायाखाली येतात. हाताने ताल धरून बघ. मी पहिल्या खेपेला चुकलो होतो.

आता ज्या माणसामुळे हे पत्र लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. डीन बेनेडेट्टी हा स्वतः आल्टो वाजवणारा तरुण होता. कॅमरिलोच्या मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने काढून पार्कर बाहेर आला आणि मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात हॉवर्ड मॅकगीच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. १ ते १३ मार्च या दिवसांत बेनेडेट्टी तबकडीवर चर कोरणारे यंत्र घेऊन तिथे जाऊन बसत असे. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे टेपवर मुद्रण केले. त्याच्याबद्दल नंतर दंतकथा पसरल्या की तो तारेवर मुद्रण करणारे यंत्र लपवून पार्करच्या मागे गावोगाव फिरला. खरे तर तबकड्या आणि टेप होत्या. १९५७ मध्ये तो इटलीत वारला, त्याचे काम त्याच्या भावाकडे राहिले आणि १९९० मध्ये मोझाइक कंपनीने ते सात सीडींच्या संचात आणले. ते तुकडे स्वच्छ करून क्रमवार लावण्यासाठी फिल शाप यांनी जे कष्ट घेतले त्यांचा विचार केला की माझे हात जोडले जातात. हेच शाप १९८१ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाच्या रेडिओवर सकाळी पार्कर ऐकवत आणि समजावून सांगत असत.

पण श्रीधर, बेनेडेट्टी पार्करचे वादन संपले की यंत्र बंद करत असे. मॅकगीचा ट्रम्पेट सुरू झाला की सुई उचलली जाई. पियानोवर १८ वर्षांचा हॅम्पटन हॉज होता, तो पार्करच्या मागे साथ करताना जेवढा ऐकू येतो तेवढाच उरला. सात सीडींमध्ये कितीतरी तुकडे असे आहेत की ते वाक्याच्या मधूनच उघडतात आणि शेवटच्या स्वरावर दार आपटल्यासारखे मिटतात. हे ऐकताना मला दर वेळी तुझी कॅसेट आठवते.

आठवते ना? आपण शेवटच्या वर्षाला होतो. संगीत मंडळाच्या त्या मैफलीत तू तुझ्या मामांचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसला होतास. कॅसेट एकच होती, एका बाजूला ३० मिनिटांची. बुवांनी श्वास घेतला आणि पेटीवाल्याने जागा भरली की तू बटण दाबून टेप थांबवत होतास, तबला पुढे आला की पुन्हा थांबवत होतास, आणि बुवांनी तोंड उघडले की सोडत होतास. तुझा अंगठा त्या बटणावरून रात्रभर हलला नाही. खोलीवर येऊन आपण ती लावली तेव्हा ताना होत्या, बोलताना होत्या, सगळे होते. पण तान जिच्यावर येऊन पडायची ती समच कित्येक ठिकाणी नव्हती, कारण मुखडा पकडून बुवा थांबले तिथेच तुझा अंगठा खाली गेला होता. तू पहाटेपर्यंत बोलला नाहीस. मी तेव्हा तुझी समजूत घातली नाही, कारण काय बोलावे ते मला सुचले नाही. आज सुचते ते असे, की त्या कॅसेटवर गवई ऐकू येत नसला तरी तो ऐकणारा तू स्पष्ट ऐकू येतोस. बेनेडेट्टीच्या तुकड्यांचेही तेच आहे. एका वादकाला दुसऱ्या वादकापासून नेमके काय हवे होते, याचा एवढा प्रामाणिक दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही. शिकणाऱ्याने ते अवश्य ऐकावेत. पार्कर समजून घ्यायला मात्र त्यांपासून सुरुवात करू नये, कारण पार्कर एकटा वाजवत नव्हता. मागे ड्रमवर काय पडले याला त्याचे पुढचे वाक्य उत्तर देते, आणि ट्रम्पेटवाल्याने सोडलेला शेवटचा शब्द उचलून त्याने आपले आवर्तन सुरू केले तर तो शब्द आपणही ऐकलेला असावा लागतो.

म्हणून त्या तुकड्यांच्या जोडीला न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्टची मुद्रणे ठेव. ब्रॉडवेवर पूर्वी कोंबडीच्या पदार्थांसाठी चालणारे ते हॉटेल १९४८ मध्ये या संगीताचे घर झाले, आणि दारू न घेता फक्त ऐकायला येणाऱ्यांसाठी तिथे वेगळी जागा ठेवलेली होती. त्या सोयीबद्दल मला त्या मालकांविषयी फार आदर वाटतो. सिम्फनी सिड नावाचा निवेदक तिथून रेडिओवर थेट प्रक्षेपण करी, आणि बोरिस रोज नावाचा शौकीन घरी बसून रेडिओवरून ते उतरवून घेई. इथे साथ अखंड आहे, टाळ्या आहेत, पेल्यांचा आवाज आहे, सिडचे बोलणेही आहे. ४ सप्टेंबर १९४८ ची ‘को को’ तुझ्याकडच्या स्टुडिओतल्या प्रतीशेजारी लावून बघ. आणि २५ डिसेंबर १९४८ चा शनिवार मुळीच चुकवू नकोस. त्याचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस नुकताच सोडून गेला होता, त्याच्या जागी केनी डॉरहॅम आला होता, आणि नाताळ म्हणून पार्करने ‘व्हाइट ख्रिसमस’ हे घरोघरी गुणगुणले जाणारे साधे गाणे काढले. धून तो जवळपास आहे तशी वाजवतो, एखाद्या अभंगाची चाल न मोडता म्हणावी तशी, आणि मग त्याच शांत चौकटीत त्याचे स्वतःचे बोलणे सुरू होते. दोन्हींत कुठेही सांधा दिसत नाही. तू ज्याला ‘राग मांडणे’ म्हणतोस ते इथे आहे.

मॅसी हॉलबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच अशी मंडळी पार्करसोबत होती. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची जगज्जेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत असल्याने सभागृह बरेच रिकामे राहिले. पार्करच्या हातात पांढरट प्लास्टिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन होता. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले. मिंगसने आपला बास नीट ऐकू येत नाही म्हणून तो नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर चढवला. तू मूळची, वर काही न चढवलेली प्रत ऐक, ती आता मिळते. मला स्वतःला याहून २६ सप्टेंबर १९५२ चे हार्लेममधल्या रॉकलंड पॅलेसचे मुद्रण जवळचे वाटते. आवाज कुठून तरी तळघरातून आल्यासारखा आहे. पण तिथे ‘लेस्टर लीप्स इन’ सुरू होते आणि टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या चीजेवर पार्कर एकामागून एक आवर्तने घेत सुटतो. सोळा वर्षांचा असताना, १९३७ च्या उन्हाळ्यात, डोंगरातल्या एका गावी नोकरीवर असता त्याने यंगची वाक्ये तबकड्यांवरून घोकून बसवली होती. गुरूच्या घरी परत आलेला शिष्य कसा गातो, हे तुला मी सांगायला नको. त्यानंतर तो अडीच वर्षेच जगला. १२ मार्च १९५५ ला तो गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता.

हे सगळे मी एका पेन ड्राइव्हवर भरून या पत्राबरोबर पाठवत आहे. क्रम लावून दिला आहे, तो मोडू नकोस. टाऊन हॉल रात्री जेवण झाल्यावर एकट्याने ऐक आणि पहिल्या दहा मिनिटांत आवाजाबद्दल मत बनवू नकोस, कारण कान खरखरीच्या मागे जायला तेवढा वेळ घेतात. हाय-डी-होचे तुकडे सर्वांत शेवटी ठेवले आहेत.

आणखी एक विचारायचे राहिले. तुझी ती कॅसेट अजून असेल, तर दिवाळीला येताना घेऊन ये. माझ्याकडचा टेपरेकॉर्डर मागच्या महिन्यात दुरुस्त करून आणला आहे, त्याचा पट्टा नवा घातला आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत