बँड सोडल्यावरचा पहिला अल्बम

संपादक महोदय,

रॉकवर आपल्याकडे लिहून येतं तेव्हा बँड का फुटला, कोण कोणाशी भांडलं हेच जास्त असतं, आणि बाहेर पडलेल्या माणसाने पुढे काय केलं ते दोन ओळीत उरकतात, हे मला खरंच खटकतं. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलचंच बघा ना. १९७५ मध्ये त्याने जेनेसिस हा रॉक बँड सोडला, तेही बँड नावारूपाला आलेला असताना, आणि १९७७ ला पहिला सोलो अल्बम आला, नाव काय तर नुसतं स्वतःचंच, पुढच्या तीन अल्बमनाही तेच!

त्या पहिल्या अल्बममधलं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं बँड सोडण्याबद्दलच आहे. पण त्यात कडवटपणा नाही, मोकळं झाल्याचा आनंद आहे. गाणं बहुतेक सात मात्रांत चालतं, आपल्या रूपक तालासारखं, म्हणजे आपण चारच्या हिशोबाने पाय हलवायला जावं तर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आधीच येऊन पोचतो, आणि मग कोरसच्या शेवटी थोडा वेळ चार मात्रा येतात तेव्हा जे हायसं वाटतं ना, ते ऐकूनच कळेल. स्टीव्ह हंटरची अकूस्टिक गिटार आणि टोनी लेविनचा बेस हेडफोन लावून ऐका.

सगळा अल्बम असा नाही. 'हिअर कम्स द फ्लड' या गाण्यात निर्माता बॉब एझरिनने वाद्यं फारच चढवलीत, गॅब्रिएलने ते नंतर गिटारवादक रॉबर्ट फ्रिपसोबत साधेपणाने परत केलं, मला तेच आवडतं.

तुमच्या पुरवणीत अशा अल्बमवर सविस्तर लिहा, प्लीज.

आपला एक वाचक